हातभर नकार

त्या वर्षी मी कुस्कोहून गावी आलो तो दंड चुकवायला.
घरटी चाळीस हात दोरी, गवताची.
नाही दिली तर पन्नास सोल, आणि वर्षभर नजरा.
आई म्हणाली, नजरा महाग पडतात.

पूल आहे की वर, वळणापाशी, मी म्हणालो,
लोखंडी. ट्रक जातात. सरकारी पाटीसुद्धा आहे.
मग हा दरसाल गवताचा कशाला?
आईनं गवत भिजत घातलं.
तिला ऐकू आलं नव्हतं असं नाही.

ओलं आहे तोवर दगडानं ठेचायचं,
तळहातांत धरून वळायचं,
एक पीळ उजवा, जोडताना डावा.
हात लहानपणीच शिकलेले, लागले चालू.
मी मात्र दुकानात होतो, काउंटरमागे,
कुणाच्या तरी फुटलेल्या मोबाइलची काच बदलत.

तिसऱ्या दिवशी फाउस्तीनो आला दोऱ्या तपासायला.
एक डोळा दुधाळ, दुसऱ्याचाही भरवसा नाही;
तो बोटांनी बघतो.
माझी दोरी सरकत गेली त्याच्या चिमटीतून,
दहा हात, वीस हात,
आणि अडली.
मागे गेली. तिथंच पुन्हा अडली.
‘इथं तू नव्हतास,’ तो म्हणाला,
आणि कापून काढला तेवढा हातभर तुकडा,
न रागावता,
बटाट्याचा किडका भाग काढावा तसा.
‘जा, बस. हात हो म्हणाले की ये.
नाही म्हणाले तर दंड भर. तोही पैसा खराच असतो.’

बसलो. चिडून बसलो.
कुणी बोलावलं नाही,
ते जास्त लागलं.

खाली सातुर्निना वळत होती.
याच नदीनं तिचा नवरा नेलेला,
पैजेवर पोहून जाताना, दोन पावलांवर पूल असताना.
तिची बोटं आल्याच्या गड्ड्यांसारखी सुजलेली.
पलीकडे तिचं आता कुणी नाही.
मी विचारलं, का वळतेस?

‘सकाळी उठते तेव्हा मलाही माहीत नसतं.’

डोंगर ऐकतो?

‘तीन पानं फुंकते त्याच्याकडं, कोकाची.
ऐकत असेल. नसेलही.
मी आधी बसते. हात सुरू होतात.
विश्वास मागाहून येतो, रेंगाळणाऱ्या मेंढीसारखा,
कधी कधी पार दिवेलागणीला.
आलाच नाही, तरी दोरी झालेली असते.
धर हे टोक. नुसतं धर.’

मी धरलं.
तिच्या हातातला पीळ दोरीतून येऊ लागला
माझ्या मुठीत, ओला, ओढाळ,
सोडलं तर सगळं उलगडून जाईल असा.
मग मी उलटा पीळ देऊ लागलो.
नेमका कधी, ते विचारू नका.
दुकान आठवलं तेव्हा अंधार पडला होता.

शेवटच्या दिवशी जुना पूल कापला.
वर्षभराचा सगळा गाव नदीत पडला एकदम,
त्यात फाउस्तीनोच्या बोटांतून निसटलेले
नकारही असतील थोडे.
कुणी हळहळलं नाही.

नव्यावरून पहिला तोच गेला, अनवाणी.
मधोमध थांबला.
वारा होता की माझी दोरी, कळलं नाही.
माझे तळहात घामेजले.
मग त्यानं पाऊल उचललं.

तो कापलेला तुकडा माझ्या खणात आहे,
जुन्या सिमकार्डांच्या गर्दीत.
गिऱ्हाईक विचारतं, हे काय?
गवत, मी म्हणतो.

जूनमध्ये दुकान चार दिवस बंद असतं.
पाटीवर मी कारण लिहीत नाही.